मागल्या दारची सुईण

बाळाला त्यांनी माझ्यादेखत पुन्हा आंघोळ घातली. मी उचललं होतं म्हणून.

त्या बाळाला या जगात आणणारे हात माझेच होते. अडलेलं बाळंतपण. पोराची आई माझ्या गळ्याला मिठी मारून ओरडत होती, "सोडू नकोस गं मला!" मी सोडलं नाही. पोराला पहिल्यांदा धरलं मी, पुसलं मी, रडवलं मी. तेव्हा मी त्यांना चालले.

त्या दिवशी त्याचं बारसं होतं. कल्याणात पारनाक्याजवळ वकिलाचं घर. पुढच्या ओसरीवर नटलेल्या बायका, पाळणा, घुगऱ्या. मागच्या अंगणात आम्ही दोघी मायलेकी. आई सुईण, तिच्या हाताखाली मीही सुईण. बाळंतपणाचं लुगडं मिळायचं होतं, म्हणून सकाळपासून बसून होतो.

मागच्या खोलीत बाळ एकटंच होतं. रडून रडून काळंनिळं झालं. पुढे पाळण्याची गाणी चाललेली, ऐकणार कोण? मी पायऱ्या चढले आणि त्याला छातीशी धरलं. गप्प झालं बिचारं.

तेवढ्यात वकिलीणबाई आल्या. बाळाची आजी.

"अगं, शिवलीस त्याला? आज, बारशाच्या दिवशी?"

"रडत होतं."

"मग हाक मारायची!"

मी बाळ खाली ठेवलं. पाणी आलं, अंगावरचं नवं झबलं निघालं. पोर किंचाळत होतं. त्याची आई दारात उभी. तिच्या नखांचे ओरखडे माझ्या मानेवर अजून होते. तिनं माझ्याकडं पाहिलं आणि मान खाली घातली. एक शब्द बोलली असती तरी पुरे होतं. ते मला आंघोळीपेक्षा जास्त लागलं.

"जन्मला तेव्हा मीच धरला होता की," मी म्हटलं.

वकिलीणबाई रागावल्या नाहीत. लहान मुलाला समजवावं तसं म्हणाल्या, "तेव्हा सोयर होतं गं. अख्खं घरच विटाळलेलं असतं. आता घर शुद्ध झालं."

म्हणजे घर माझ्याइतकं घाण असेल तेवढे दिवस मी आत. घर धुतलं की मी बाहेर. इतकं साधं होतं ते, आणि मला कळायला इतका वेळ लागला. माझाच संताप आला मला.

कारण मी सातवी पास होते. शाळेच्या बाई सांगत होत्या, ठाण्याच्या सरकारी दवाखान्यात नर्सचं शिक्षण घे, अर्ज मी भरून देते. तेव्हा याच वकिलीणबाई म्हणाल्या होत्या, "हिच्या हाताला यश आहे हो! कशाला जातेस दवाखान्यात? आमच्या घरची सगळी बाळंतपणं तुझीच." मी फुलून गेले. एवढं मोठं घर मला आपलं म्हणतंय!

आई म्हणाली होती, "जा ठाण्याला. हितं सोन्याची झालीस तरी मागल्या दारीच उभी ऱ्हाशील."

मी आईलाच वेड्यात काढलं. म्हटलं, त्यांचं माझ्यावाचून अडतं. अडत होतंच की. मूल बाहेर येईपर्यंत.

वकिलीणबाईंनी पायरीवरून लुगडं टाकलं. हातात दिलं नाही, टाकलं. अंगणातल्या धुळीत पडलं.

"धाकटीलाही दिवस गेलेत. तिच्या वेळी लगेच ये हो."

आईचा हात सवयीनं पुढे गेला. मी तिचं मनगट धरलं.

"धाकट्या वहिनींना ठाण्याच्या दवाखान्यात आणा," मी म्हटलं. "मी तिथं असेन. तिथं मला मागचं दार नाही."

"बघ हो तुझी पोर! डोक्यावर चढवून ठेवलीयस," त्या आईला म्हणाल्या.

आईनं धुळीतल्या लुगड्याकडं पाहिलं. अंगावरच्या तिच्या लुगड्याला फाटलेलं जोडायला दोन ठिकाणी दंड घातलेले होते. मला भीती वाटली, आता ही वाकणार. ती उठली, मागची धूळ झटकली आणि चालू लागली.

गल्लीच्या तोंडाशी ती थांबली. मग म्हणाली, "तितं मागलं दार नसतं, ह्ये तुला कुनी सांगितलं?"

"कुणी नाही."

"आन् आसलं तर?"

"तर त्यातनं मी जाणार नाही."

"आर्जाची मुदत गेली आसंल."

"मग पुढल्या साली. नाही घेतलं तर त्याच्या पुढल्या साली. पण त्या अंगणात मी परत बसणार नाही."

डावीकडं खाडीकडची आमची वस्ती. उजवीकडं शाळेच्या बाईंचं घर. आई उजवीकडं वळली. बाईंच्या घरालाही मागे अंगण होतं, तिकडं जायला वाटही होती. आईचे पाय तिकडं वळू लागले तशी मी तिला थांबवलं.

पुढच्या ओट्यावर चढले आणि कडी वाजवली.