उणे वीसमधला सब्जा

ओटावाच्या विमानतळाबाहेर पाऊल टाकलं आणि पहिल्याच श्वासाला नाकातले केस गोठून ताठ उभे राहिले. तळेगावात माझं गुलाबांचं पॉलिहाऊस आहे. थंडीत झाडं कशी जगवतात ते शिकायला मी चार महिन्यांसाठी आले होते. "त्याचा तळेगावात काय उपयोग?" असं निघताना प्रत्येकाने विचारलं होतं. विमानतळाबाहेर तो प्रश्न मलाही रास्त वाटला.

मुक्काम ओळखीतल्या शुलामिथमावशींच्या बेसमेंटमध्ये होता. मावशी मूळच्या रेवदंड्याच्या, बेने इस्रायली (कोकणातले मराठी ज्यू). दारातच म्हणाल्या, "आधी बूट काढ, मग पाया पड. कार्पेटवर बर्फ नको." मग नारळाच्या रसातलं बांगड्याचं कालवण वाढलं. बाहेर उणे वीस होतं, यावर माझा विश्वास उरला नाही.

ग्रीनहाऊस गावाबाहेर, बसच्या शेवटच्या थांब्यावर होतं. पहिल्या दिवशी सुटातल्या एका गृहस्थांनी भाषण करून आमच्या वर्गाची रिबीन कापली. त्याच दारातून, रिबिनीखालून वाकून, आम्ही कॉफीसाठी दोनदा ये-जा केली होती. शिकवणारा ग्रेग मात्र एकच वाक्य बोलला, "इथे ऊब राखायची, बाकी सगळं बागकाम."

मावशींचं एक काम माझ्याकडे होतं. नातीची शस्त्रक्रिया नीट पार पडली, म्हणून त्यांना मलिद्याचा नवस फेडायचा होता. मलिदा म्हणजे गोड पोहे, खोबरं आणि फळांचं ताट. त्यावर प्रार्थना होते, आणि सुवासासाठी सब्जाची, म्हणजे तुळशीच्या जातीतल्या झाडाची, ताजी डहाळी हातोहात फिरते. ती डहाळी मी उगवून द्यायची होती. नात टोरांटोहून येणार होती.

"ग्रोसरीत बेझिल मिळते की, सब्जाचीच बहीण," मी म्हटलं.

"ती पास्त्यावर टाकायची. देवापुढे पिझ्झाचा वास नेऊ?"

मावशींनी कपाटात जपून ठेवलेलं बी मी ग्रेगच्या परवानगीने कडेच्या बाकावर पेरलं. छान उगवलं, हातभर वाढलंही. मग एका लख्ख दुपारी आत गरम वाटू लागलं आणि माझ्या हातांनी तळेगावची सवय चालवली. दांडा फिरवून मी बाजूचा पडदा सरळ वर गुंडाळला. ग्रेग ओरडत धावत आला आणि पडदा खाली सोडला. पण तेवढ्यात थंडीने बाकावरून हात फिरवला होता. संध्याकाळपर्यंत सब्जा काळा पडला.

"तुमच्याकडे ऊन म्हणजे उकाडा," ग्रेग म्हणाला. "इथे ऊन म्हणजे ढग नाहीत, एवढंच."

घरी येऊन सांगितलं. मावशींनी गॅस बंद केला.

"मेला?"

"बराचसा."

"म्हणजे थोडा जिवंत आहे. तो सांभाळ. रडायचं असेल तर उन्हाळ्यात ये, आत्ता वेळ नाही."

आतल्या बाजूची चार रोपं हिरवी होती. त्यांचे शेंडे खुडून पाण्यात ठेवले. मुळं फुटल्यावर खालून ऊब देणाऱ्या चटईवर, दिव्याखाली लावले. रोज पहिल्या बसने जायचे. त्या बसचा ड्रायव्हर मला "मॉर्निंग, प्लांट लेडी" म्हणू लागला. पडद्याच्या दांड्याला मी बोटही लावलं नाही.

प्रमाणपत्रं वाटायचा समारंभ आणि मलिदा एकाच दिवशी आले. सुटातले गृहस्थ पुन्हा बोलणार होते, त्यामुळे निवड सोपी होती. डहाळ्या जॅकेटच्या आत, छातीशी धरून मी घरी पोहोचले.

प्रार्थनेनंतर डहाळी फिरत नातीकडे आली. तिने हुंगली. "आजी, इट स्मेल्स लाइक युअर कबर्ड!"

मावशींनी डहाळी परत घेतली, डोळे मिटून वास घेतला. "जरा कोमट आहे," त्या माझ्याकडे वळून म्हणाल्या, "पण आपलाच."

प्रमाणपत्र मागाहून टपालाने आलं. त्यावर माझं नाव चुकलंय. परतल्यावर दुसऱ्या दिवशी अकराच्या उन्हात पॉलिहाऊसमध्ये गेले. हात सवयीने पडद्याच्या दांड्याकडे गेला आणि तिथेच थांबला. आधी थर्मामीटर पाहिला, बाहेर जाऊन वारा पाहिला, मग पडदा वीतभरच उचलला.

कोपऱ्यातल्या कुंडीत मावशींनी दिलेलं उरलेलं बी पेरलंय.