घोरणाऱ्या कुत्र्याचा विमा

समोरचा माणूस गोड बोलायला लागला की माझा हात आपोआप पदराकडे जातो. आता पदराच्या गाठीला काही बांधलेलं नसतं, पण सवय ती सवय. आमचे हे म्हणतात, "तू डॉक्टरवर शक घेतं, दूधवाल्यावर घेतं, एखाद्या दिवशी आरशावर घेशीन." घेते ना. आरसाही काही कमी लबाड नाही, दिवसेंदिवस मला जास्तच म्हातारी दाखवतो.

तर सांगत होते कुत्र्याचं. कुत्रा आमचा नाही, मुलीचा. ती पुण्यात नोकरीला होती तेव्हा तिनं हौसेनं आणला, आणि कंपनीनं तिला परदेशी धाडलं तेव्हा एका टोपलीत बसवून आमच्या सिंदी मेघे गावातल्या घरी आणून ठेवला. पग म्हणतात त्या जातीला. तोंड असं चपटं की ह्यांनी पहिल्यांदा पाहिलं आणि विचारलं, "याचं तोंड दारात चेपलं काय वो?" आमचा जन्म भाजीच्या वाडीत गेला. वांगी, सांभार म्हणजे कोथिंबीर, बरबटीच्या शेंगा. वाडीवर कुत्री होती, लांब तोंडाची, भाकर खाऊन बाजेखाली झोपणारी. त्यांना डॉक्टर माहीत नव्हता, मग विमा कुठला!

ह्याचं मात्र सगळंच नाजूक. डोळे बाहेर आलेले, कशाला घासले की लाल. नाकावरच्या घड्यांत पाणी साचायचं, ते रोज कापसानं पुसा. आणि घोरणं! एवढासा जीव, पण झोपला की जुना कूलर सुरू केल्यासारखा आवाज. आम्हाला त्याचं भारी कौतुक. घरी पाहुणा आला की चहा नंतर, आधी कुत्र्याचं घोरणं ऐकवायचं. ह्यांनी तर मोबाइलमध्ये ते भरून घेतलं आणि सगळ्या नात्यागोत्यात पाठवलं, गल्लीतही पाठवलं. लोकांनी हसून हसून उत्तरं दिली.

मग उन्हाळा आला. आमच्याकडचं ऊन काय असतं ते मी सांगायला नको. एका दुपारी लाइट गेली, कूलर बंद पडला, आणि कुत्रा झोपेचना. उभाच. मान लांब करून श्वास ओढत होता आणि जीभ जांभळी पडत चालली होती. मी ओला टॉवेल टाकला, हे सुपानं वारा घालत राहिले, आणि तसंच ऑटोत घालून डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी त्याला थंड केलं, नाकाजवळ बॅटरी धरून पाहिलं आणि म्हणाले, नाकपुड्या जन्मापासूनच बारीक आहेत, गळ्यातही पडदा जास्तीचा असेल. थंडीत ऑपरेशन करून घ्या, पुढचा उन्हाळा ह्याला असाच काढायला लावू नका. कदाचित निघणार नाही.

बस. प्रश्न एवढाच होता. पुढचा उन्हाळा.

मुलीला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "आई, आधी विमा काढ, मग ऑपरेशन कर."

"अवो, मोडलेल्या खाटेचा विमा कोन देईन?"

"देतात. तू फक्त त्यांच्यासमोर जास्त बोलू नको."

जास्त बोलू नको! तेव्हापासून मला पोटच्या मुलीवरही संशय यायला लागला.

विम्याचा विषय गल्लीत पोचायला वेळ लागत नाही. शेजारणीचा जावई जाम गावाकडचा. हायवेवर ट्रकांचे, ढाब्यांचे विमे काढतो, आता जनावरांचेही काढून राह्यला म्हणे. दिवाळीनंतर तो सासुरवाडीला आला, आणि शेजारीण त्याला घेऊन आमच्या ओसरीवर हजर.

आता हे बाहेरच्याला समजणार नाही. आमच्या गल्लीत एका घरचा जावई म्हणजे सगळ्या गल्लीचा जावई. त्याला प्लास्टिकची नाही, लाकडी खुर्ची द्यायची. गोड काहीतरी करायचं. तो बोलत असताना मध्ये बोलायचं नाही. आणि त्याला आडवा प्रश्न तर विचारायचाच नाही. "घरचे बरे आहेत ना?" एवढं विचारता येतं, त्यानं "हव" म्हटलं की आपलं विचारणं संपलं. असा माणूस विमा विकायला आला तर करायचं काय?

मी शिरा केला. तो शिरा खात होता आणि सांगत होता. आजार, अपघात, ऑपरेशन, हरवला तर, चोरीला गेला तर, सगळं भेटते. मोबाइलवर हसऱ्या कुत्र्यांचे फोटो दाखवत होता. मी पदर धरून बघत होते. सगळी लांब तोंडाची कुत्री. चपट्या तोंडाचं एकही नाही.

आमचा कुत्रा मी आतल्या खोलीत कोंडला होता. पाहुण्यांच्या अंगावर उड्या मारतो म्हणून, असं मी सगळ्यांना सांगितलं. तेवढ्यात आतून सुरू झालं. घर्र... घर्र...

जावयाचा चमचा हवेतच थांबला. "आत कोनी झोपलं आहे काय? काका तर इथंच बसले."

झालं. ह्यांचा चेहरा असा उजळला की विचारू नका. "अजी, थो आपला पहिलवान आहे!" उठून दारच उघडलं. "पाहा, पाहा! पिल्लू होता तवापासून असाच घोरते. उन्हाळ्यात तर जीभ जांभळी पडली होती. डॉक्टर म्हने नाक जन्माचंच बारीक आहे."

मी खोकले. पुन्हा खोकले. ह्यांनी मलाच पाणी आणून दिलं आणि मोबाइलवरचं घोरणंही लावून दाखवलं.

जावयानं वाटी खाली ठेवली. इकडे तिकडे पाहिलं आणि हळूच म्हणाला, "काका, हे मी आयकलंच नाई. फारमात तक्रार काहीच नाई, असं टाकून देतो. तुमी फक्त हव म्हना."

शेजारीण फुलून आली. "पाह्यलं? घरचा माणूस असला की कसं काम होते!"

हेही खूश. आणि मी? माझ्या हातातला पदर ओला झाला होता. मला वाटलं, हा माझ्यासाठी आज कंपनीशी खोटं बोलतो, तर उद्या कंपनीसाठी माझ्याशी काय बोलेल? ऑपरेशन झालं, पैसे मागायची वेळ आली, की कंपनीचा माणूस चौकशीला येईल. गल्लीत विचारेल, कुत्रा आधीपासून घोरायचा का हो? सगळी गल्ली एका सुरात सांगेल, घोरायचा म्हणजे काय! प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये तो घोरतच होता.

लहानपणी मी वडिलांच्या सायकलवर दांडीवर बसून बैलबाजारात जायची. वडील बैलाचे दात नंतर बघायचे. आधी विकणाऱ्याला विचारायचे, याची खोड सांग. एखादा म्हणायचा, अनोळख्या माणसाला मारतो. एखादा म्हणायचा, पाण्यात पाय घालत नाही. वडील तिथं बोलायला बसायचे. आणि जो म्हणायचा, याच्यात खोडच नाही, त्याच्यापाशी ते थांबायचे नाहीत.

मी पदर सोडला. "जवाईबापू, एक विचारू? तुमच्या विम्याची खोड काय आहे?"



"अवो बाई," शेजारीण म्हणाली, "जवायाले कोनी असं इचारते काय!"

"खोड म्हंजे?" तो म्हणाला.

"म्हंजे काय भेटत नाई, थे सांगा."

"सगळंच भेटते, काकू."

बाजार असता तर मी चालायला लागले असते. पण घर माझं, जावई गल्लीचा, जाणार कुठं? मी त्याच्या वाटीत आणखी शिरा वाढला. मुलीला विचारून सांगते म्हटलं. त्यालाही कळलं, मलाही कळलं. शेजारीण तेव्हापासून कपडे वाळत घालताना माझ्याकडे पाठ करायची.

घरात हे माझ्यावर चिडले. "काऊन नाई म्हटलं? फुकटात काम होऊन राह्यलं होतं!"

"फुकटात व्हते म्हनूनच."

मग मी दुसऱ्या एका कंपनीला फोन लावला. बरीच गाणी ऐकवल्यावर एक मुलगी बोलली. मी तिला आधीच सगळं सांगून टाकलं. चपट्या तोंडाचा आहे, घोरतो, उन्हात निळा पडतो, नाकाचं ऑपरेशन आहे, बोल. ती म्हणाली, "मॅडम, जन्मजात दोष आणि आधीपासूनचा त्रास यात बसत नाही. या जातींचं नाक आणि श्वास तर नाहीच. डोळ्याला जखम, अपघात, विषबाधा, दुसरे नवे आजार, ते बसतं. पण सुरुवातीचे काही दिवस थांबावं लागतं."

नाही म्हणणारी विमेवाली मी पहिल्यांदाच ऐकली. मला तर जास्तच संशय आला. ही एवढी खरी का बोलते? मी फोन ठेवला आणि संध्याकाळी पुन्हा लावला, दुसरं कोणी उचलेल म्हणून. एका पोरानं उचलला. त्यानंही तेच सांगितलं, तेच आणि तसंच. तेव्हा कुठे मी तो विमा घेतला. डोळ्यांसाठी घेतला म्हणा. तुळशीच्या वृंदावनावर तो रोज तोंड आपटतो.

ऑपरेशनचं मात्र आमचं आम्हीच करायचं ठरलं. मुलगी म्हणाली, पैसे मी पाठवते, पण आई, थोडं गप्प बसली असती तर... मी म्हटलं, मी गप्पच होती, तुझे बाबा बोलले.

ऑपरेशनच्या दिवशी डॉक्टरांनी आम्हाला समोर बसवलं. म्हणाले, या जातीला भूल देणं जोखमीचं असतं. शुद्धीवर येताना श्वास अडकू शकतो. तो पूर्ण जागा होईपर्यंत मी गळ्यातली नळी काढणार नाही, तरी हमी देत नाही. मला त्यांचा इतका राग आला! एवढं सगळं सांगायची काय गरज होती? ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी पट्टा डॉक्टरांच्या हातात दिला.

बाहेर बाकावर हे मोबाइल काढून ते घोरणं लावून बसले. एक बाई आपली मांजर घेऊन बसली होती, ती बघायला लागली. एरवी मी ह्यांना ओरडले असते.

जागा झाला तो. आधी एक डोळा, मग दुसरा, मग ह्यांचा हात चाटला.

शेजारीण आता बोलते पुन्हा. परवा भिंतीवरून विचारलं, "मंग भेटला का विमा?"

"भेटला. नाक सोडून."

"आमचा जवाई नाकाचाही देत होता."

"हव ना," मी म्हटलं.

आता फाल्गुन लागलाय. मी कूलर खाली उतरवून धुऊन ठेवलाय, आणि लाइट गेली तर म्हणून ह्यांनी एक बॅटरीवरचा पंखा आणलाय. ऑपरेशन चांगलं झालं असं सगळेच म्हणतात. मी हो म्हणते आणि मनात म्हणते, वैशाख तर येऊ द्या. सकाळी ऊन चढायच्या आत मी त्याला फिरवते. आधी तो पिठाच्या चक्कीपर्यंत गेला की रस्त्यातच बसकण मारायचा, मग उचलूनच आणावा लागायचा. काल चक्की आली तर बसला नाही. पट्टा ओढून पुढे चालायला लागला. मी थांबले, वाकून त्याच्या नाकाजवळ कान नेला, जीभ पाहिली. गुलाबी होती. तरी माझा भरवसा बसेना. तो ओढत होता, मी धरून होते. मग म्हटलं, चल बाबा, एक घर पुढं. एकच.