सातव्या प्रश्नाला शून्य

भगवंतकाकांची आठवण निघाली की मला अजून राग येतो. त्यांचा नाही हो, त्या छापील कागदाचा. आणि खरं सांगायचं तर माझा स्वतःचाही.

चौऱ्याण्णव साल. सिल्वासात आमली भागातल्या एका धर्मादाय दवाखान्यात मी नर्स होते. मुंबईचे एक डॉक्टर दर पंधरा दिवसांनी यायचे. उतारवयात पुरुषांची प्रोस्टेट ग्रंथी वाढते, लघवीचे हाल होतात. तो त्रास किती, हे गुणांत मोजणारी सात प्रश्नांची इंग्रजी प्रश्नावली त्यांनी मराठीत करून आणली होती. ती आपल्या माणसांना चालते का, हे बघायचं काम आलं माझ्या गळ्यात. एकाच माणसाला पंधरा दिवसांनी पुन्हा तेच विचारायचं आणि उत्तरं जुळतात का ते पाहायचं. आहे तसं वाचायचं, पदरचा एक शब्द घालायचा नाही. आणि आठ किंवा जास्त गुण पडले, तरच डॉक्टर तपासणार.

भगवंत अहिरे धुळ्याकडचे, वय अठ्ठावन्न. डोकमर्डीत खोली, राखोलीच्या एका सूत कारखान्यात वॉचमन. लघवीची घाई व्हायची, गेट सोडून पळावं लागायचं. ठेकेदारानं दोनदा पकडलं होतं. तिसऱ्यांदा सापडलास तर घरी बस, असा दम दिला होता.

"सिस्टर, कायबी करा, पन तेवढी नोकरी टिकली पायजे," ते म्हणाले.

मी प्रश्न वाचत गेले. सातवा होता: रात्री झोपल्यापासून सकाळी उठेपर्यंत लघवीसाठी किती वेळा उठावं लागतं?

"एकदाबी नाही."

लिहिलं शून्य. सगळे मिळून गुण सात. पंधरा दिवसांनी पुन्हा विचारलं, पुन्हा सात. डॉक्टर खूश! "असे पेशंट हवेत. एका गुणाचा फरक नाही." पण तपासायचं नाव नाही. आठ भरले नव्हते ना!

महिन्याभरानं त्यांची बायको चिमाबाई तणतणत आली. "काढलं त्यास्नी कामावरून! तुमच्या कागदानं काय दिवे लावले?"

मीही भडकले. "अहो, रात्री एकदाही उठत नाही म्हणून त्यांनीच सांगितलं!"

"रातीला ते झोपतात कुठं, बाई? रातभर गेटवर बसायचे. झोप दिवसाची, त्यात पाच-पाचदा उठायचे!"

कपाळ माझं! वॉचमनला मी रात्रीची झोप विचारत होते. एकदा नाही, दोनदा. आणि उत्तर जुळलं म्हणून शाबासकी घेत होते.

दुसऱ्या दिवशी काका आले तेव्हा मी त्यांच्यावरच ओरडले. "दिवसाचं सांगायला काय झालं होतं तुम्हाला?"

"तुम्ही रातीचं विचारलं, सिस्टर. छापील कागद. त्याच्या भायेर आपन कसं बोलावं?"

डॉक्टर आल्यावर मी सरळ म्हटलं, "सर, प्रश्नात 'रात्री' काढून 'झोपेतून' घाला. निम्मं सिल्वासा रात्रपाळी करतं."

"मंजूर झालेलं भाषांतर आहे. एक शब्द हलवता येणार नाही."

"मग शब्द सांभाळा, माणसं जाऊ द्यात!" मी बोलून गेले. त्यांनी चष्मा पुसला आणि नवा फॉर्म माझ्यापुढे सरकवला.

काकांना समोर बसवून मी पुन्हा सगळं वाचलं, जसंच्या तसं. पहिल्या सहा प्रश्नांची उत्तरं तीच आली. सातव्याला ते जरा थांबले.

"आता काम नाही, तर रातीला घरीच झोपतो. लिहा पाच."

गुण झाले बारा. डॉक्टरांनी लगेच तपासलं, ऑपरेशनची तारीखही दिली. वरातीमागून घोडं! काका मात्र हात जोडून म्हणाले, "बरं झालं सिस्टर, या बारीला उत्तर बरोबर आलं."