व्याह्यांचा कळप

माझे व्याही रेनडियर पाळतात. नागपुरातल्या कळमन्याच्या बाजारात हे मी इतक्या जणांना सांगितलं आहे आणि इतके जण त्यावर हसले आहेत, की आता सांगण्याआधी मीच हसून घेतो. माझा धंदा ढेपेचा. सरकीची ढेप, तुरीची चुनी, कुटार, जनावराच्या तोंडात जे जातं ते सगळं माझ्या गोदामात मिळतं. लेक शिकायला नॉर्वेला गेली, ती पार उत्तरेच्या टोकाला, आणि तिथल्या सामी लोकांतल्या एका मुलाशी लग्न ठरवून मोकळी झाली. बायकोनं बरेच दिवस माझ्याशीच अबोला धरला, जणू मीच तिला तिकडे धाडून जावई शोधायला सांगितलं होतं. मी मात्र मनातून खूश होतो. डॉक्टर-इंजिनियरांच्या घरात माझ्यासारख्यानं बोलायचं काय? इथे निदान जनावरं तरी होती.

लग्नानंतर व्याही आमच्या लेकीसोबत नागपूरला आले ते जानेवारीत. आम्ही स्वेटर, मफलर, कानटोपी अशा थाटात विमानतळावर उभे, आणि ते बाहेर आले अर्ध्या बाह्यांच्या शर्टात, घाम पुसत. मी त्यांना हौसेनं गोदाम दाखवायला नेलं. त्यांनी कुणाला न विचारता एका पोत्यात हात घातला, ढेपेचा तुकडा काढला, हुंगला आणि चावून पाहिला. नवा माल आला की मीही असाच चावून बघतो. हमाल तोंडाला रुमाल लावून हसत होते. मला मात्र तेव्हाच कळलं की हा माणूस आपल्यातला आहे.

घरी आलो तर बायको मटणासाठी मसाला भाजायला बसली होती. ताटातल्या दगडफुलाकडे बघून व्याही एकदम थांबले. चिमूटभर उचललं, बोटांत चुरगळलं आणि लेकीला घाईघाईनं काहीतरी सांगू लागले.

"बाबा, यायचे रेनडियर हेच खातात जी," लेक म्हणाली. "म्हणजे याच जातीचं. तिकडं जमिनीवर उगवते. हिवाळ्यात खुरानं बर्फ उकरतात आन् खालचं हे खातात."

बायकोनं झारा थांबवला. "म्हणजे आपण जे मटणात टाकतो, ते तिकडं मटणच खाते?"

लेकीनं हे त्यांना सांगितलं तेव्हा ते इतके हसले, की बायकोचा उरलासुरला राग तिथेच वितळला.

पण त्याच जेवणात मी घोटाळा केला. आमच्याकडे सोयरीक म्हटली की पहिला प्रश्न, शेती किती? त्यात गैर काही नाही, उलट न विचारलं तर समोरच्याला वाटतं, यांना आपली किंमतच नाही. म्हणून मी मोठ्या आदरानं विचारलं, "आपल्याकडे रेनडियर किती आहेत?"

लेकीनं भाषांतर केलं नाही. ताटात बघत बसली.

"सांग ना वं," मी म्हटलं.

"बाबा, असं विचारत नसतात."

"काहून? लपवाचं काय त्याच्यात?"

"त्यायच्यात कळपाचा आकडा कोणी कोणाले विचारत नाही आन् कोणी सांगत नाही. सख्ख्या भावालेही नाही."

व्याह्यांना माझ्या चेहऱ्यावरूनच प्रश्न समजला असावा. ते लेकीमार्फत म्हणाले, "सांगतो. आधी तुम्ही बँकेत किती ठेवलेत ते सांगा. वहिनींसमोर." बायको लगेच सरसावून बसली. मी घाईनं विषय बदलला.

तेव्हापासून आम्हा दोघांत तो खेळच झाला. व्हिडिओ कॉल लागला की मी मराठीतच विचारायचो, "व्याहीबुवा, किती?" एवढे दोन शब्द त्यांना पाठ झाले होते. ते ओठांवर बोट ठेवायचे आणि डोळे मिचकावायचे. आमचं सगळं सोयरपण त्या एका थट्टेवर मजेत चाललं होतं.

मग गेल्या हिवाळ्यात लेकीचा फोन आला. त्या दिवसांत तिकडे सूर्य उगवतच नाही. आमच्या इथे भर दुपार, आणि तिच्या पाठीमागच्या खिडकीत मिट्ट काळोख.

"बाबा, पाऊस पडून राहिला," ती म्हणाली.

"बरं झालं!" मी म्हणालो. पावसाची बातमी आली की आमच्या तोंडून दुसरं काही निघतच नाही.

मग हळूहळू तिनं सांगितलं. तिकडे त्या महिन्यात पाऊस पडणं म्हणजे घात. पाणी बर्फात मुरतं, लगेच पुन्हा गारठा पडतो आणि जमिनीवर काचेसारखा थर बसतो. खाली चारा तसाच असतो, पण खूर आपटून थर फुटत नाही. व्याह्यांच्या वडिलांनी असा हिवाळा उभ्या आयुष्यात एकदाच पाहिला होता, यांच्या वाट्याला तो आता वरचेवर येतो. पूर्वी कळप दुसऱ्या खोऱ्यात हाकता यायचा. त्या खोऱ्यात आता पवनचक्क्या आहेत आणि जनावरं तिथे थांबत नाहीत.

"मंग आता?" मी विचारलं.

"पोत्यातला चारा आणून टाकून राहिले. पण कळप नाही वाचला त ह्याचं आन् सासऱ्याचं हे काम संपलं, बाबा. दुसरं काही त्यायले येत नाही."

मी ताबडतोब सल्ला देऊ लागलो. हा तर माझाच विषय. उपाशी जनावराला एकदम नवा चारा द्यायचा नाही, पोट धरत नाही, जुन्यात थोडा थोडा मिसळून वाढवत न्यायचा, कोमट पाणी पाजायचं. व्याही मागून सगळं ऐकत होते. लेकीनं सांगितल्यावर त्यांनी मान हलवली आणि एवढंच म्हणाले, की मिसळायला जुना चारा बर्फाखाली आहे.

दुसऱ्या दिवशी मी इतवारीत गेलो आणि ओळखीच्या मसालेवाल्याला विचारलं, "दगडफूल पोत्यानं मिळंल काय?" तो म्हणाला, "हॉटेल टाकून राहिले का शेठ?" त्याला काय सांगणार? मिळेल तेवढं घेतलं आणि लेकीला फोन लावला. तिनं शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाली, परदेशातून असा चारा इकडं घुसू देत नाहीत, बाबा. आन् आला तरी पोचेपर्यंत हिवाळा सरून जाईल. मी चिडलो. तिच्यावर, टपालवाल्यांवर, त्या पवनचक्क्यांवर, कुणाकुणावर चिडलो ते आठवत नाही. जग तापतंय असं पेपरात छापून आलं की मी आजवर पान उलटून बाजारभाव बघत आलो, आणि आता रागावून कुणाला जाब विचारायचा तेच कळेना. पोतं जिन्याखाली पडून राहिलं. सगळ्या घराला मसाल्याचा वास येत होता.

त्या महिन्यांत गोदामात जायचीच मला लाज वाटे. छतापर्यंत थप्प्या लागलेल्या, आणि माझ्याच सोयऱ्याची जनावरं भुकेनं मरत होती. काही तर भरल्या पोटी मेली. नवा चारा खाल्ला, पोटानं तो घेतलाच नाही. लेक हे सांगताना रडली. गाभण माद्या उभ्याउभ्या खाली बसायच्या आणि पुन्हा उठायच्या नाहीत. व्याही आणि जावई डोक्याला दिवे बांधून त्यांच्यातून फिरायचे. मी फोनवर बघत बसायचो. बघण्यापलीकडे माझ्या हातात काहीही नव्हतं. कॉल लागला की आमची थट्टा जिभेवर यायची आणि मी ती गिळायचो. व्याहीही ओठांकडे बोट नेत नसत.

एप्रिलमध्ये, आमच्याकडे ऊन चटके देऊ लागलं तेव्हा, एका सकाळी लेकीचा कॉल आला. बायको गच्चीवर कुरडया घालत होती. लेकीनं फोन सासऱ्यांच्या हातात दिला आणि उठून गेली. व्याही खूपच वाळले होते. ते म्हणाले, "व्याहीबुवा," आणि एक आकडा सांगितला. मराठीत. लेकीकडून शिकून घेतला असणार. एकेक अक्षर सुटं करून, शाळेतल्या पोरासारखा नीट उच्चारला.

लिलावात आकडा कानावर पडला की तो मोठ्यानं परत बोलायची मला जन्मभराची सवय. तोंड उघडलंही होतं. पण तो आकडा इतका लहान होता, की माझ्याच्यानं बोलवेना. मी हात जोडले. त्यांनीही जोडले. फोन बंद झाला.

बायको पिठाचे हात घेऊन जिना उतरली.

"कोणाचा होता? पोरीचा? कसे हायेत जी सारे? रेनडियर कितीक राहिले त्यायचे?"

मी म्हणालो, "असं विचारत नसतात वं."