आठवी प्रत

दत्तूभाऊ गेल्याचं कार्ड आलं तेव्हा मी शाळेत वर्गावर होतो. डोणगावहून त्यांच्या बायकोनं, शांतावहिनींनी कुणाकडून तरी लिहून घेतलेल्या चार ओळी. खरं सांगतो, आधी रडू आलं नाही, आधी भीती वाटली. आता ती प्रत शोधणारा मी एकटाच उरलो, हा माझ्या मनातला पहिला विचार. माणूस किती आपमतलबी असतो पाहा. आज महिना होऊन गेला, दुःख जागच्या जागी आहे आणि भीतीही.

मी पुण्याकडचा. महाराष्ट्र राज्य होऊन वर्ष-दोन वर्षं झाली असतील, तेव्हा माझी नेमणूक डोणगावच्या शाळेत झाली. बाजाराच्या रस्त्याला दत्तूभाऊंचा छापखाना होता. लग्नपत्रिका, आडत्यांच्या पावत्या, जत्रेची हँडबिलं ही पोटाची कामं. जीव मात्र सगळा झाडपाल्यात. बांधावरून पानं आणायची, रद्दीत घालून वजनाखाली सुकवायची, मग त्यांच्यावर हलक्या हातानं शाईचा रूळ फिरवायचा. कोपऱ्यात हातानं दाबायचा जुना प्रेस होता. त्याच्या पाटावर शाई लावलेलं पान ठेवायचं, वर कागद घालून दाब द्यायचा. शीर न् शीर उमटायची. सात-आठ छाप काढले की पान फाटायचं, मग नवं घ्यायचं. त्यांना रानातल्या औषधांचं पुस्तक काढायचं होतं; एका कागदावर दोन झाडं, खाली नाव आणि उपयोग. मजकूर माझ्याकडे आला. "गुरुजी, तुमची भाषा सुद्द हाये, पण पाल्यातलं तुमाले काहीच समजत नाही. तुमच्या पुण्यात झाडं नसतात काय हो?" असं म्हणून ते मनमुराद हसायचे. मला राग यायचा, कारण ते खरं होतं.

नावं आधी छापून घेतली होती. पानं मागून, एकेक कागद हातानं. त्या दुपारी शतावरी आणि कळलावी चालू होत्या. शतावरीचं मूळ बाळंतिणीला दुधातून देतात, तिला दूध यावं म्हणून. कळलावीचा कंद विषारी. दत्तूभाऊ दाब देत होते आणि पाटावर पानं मांडायचं काम मी हौसेनं मागून घेतलं होतं. "पाटावर डावं ते कागदावर उजवं," त्यांनी दहादा बजावलं होतं. चहा झाला, जुनी पानं फाटली, मी नवी मांडली... आणि आयुष्यभर सुलटं वाचणाऱ्या माझ्या हातानं डावं डावीकडे ठेवलं. गाऱ्हाणी सांगायला एक गिऱ्हाईक येऊन बसलं होतं, दत्तूभाऊंचं लक्ष तिकडे. ती जोडी फाटेपर्यंत आम्ही छापत राहिलो.

पुस्तकं शिवली, वाटली, कौतुक झालं. पुढच्या बाजारी एका भाजीवाल्या म्हातारीनं पुस्तक उघडलं आणि बोट ठेवलं. "दत्तू, हे तं कळलावी हाये बापा. खाली शतावरी काऊन लिवलं?" दत्तूभाऊंच्या तोंडचं पाणी पळालं. उरलेल्या प्रती उलथ्यापालथ्या करून पाहिल्या. दोन चुकीच्या निघाल्या. बाकीच्या गावोगाव गेलेल्या. छापखान्याला कुलूप घालून आम्ही सायकली काढल्या.

जानेफळच्या त्या घराचं अंगण मला अजून डोळ्यांसमोर दिसतं. आत नातू झालेला, बाहेर सासू सहाणेवर कंद उगाळत बसलेली, शेजारी आमचं पुस्तक उघडं. दत्तूभाऊंनी सायकल टाकली, सहाण उचलली आणि धुऊन टाकली. "काऊन रे, येडा झाला काय?" म्हातारी ओरडली. ते खाली बसले आणि म्हणाले, "माय, मी चुकीचं छापलं. पाजलं तं नाही ना? सांग लवकर, पाजलं तं नाही?" नव्हतं पाजलं. परत येताना आम्ही दोघंही सायकली हातात धरून चालत आलो.

मी छापलं, असं म्हणाले ते. मी शेजारी उभा होतो आणि गप्प राहिलो. वाटेत म्हणालो, उद्या सगळ्यांना खरं सांगतो. तर म्हणाले, "तुमची नोकरी नवी हाये गुरुजी. आन् पुस्तकावर नाव माहं हाये." मी तेवढ्यावर सुटलो, सुटका करून घेतली. लोक त्यांना तोंडावर काही बोलले नाहीत. पत्रिका मात्र मेहकरला छापून आणू लागले. पाटावर पान त्यांनी पुन्हा ठेवलं नाही.

गावं पालथी घालून एकूण सात प्रती मिळाल्या. आठवी नाही. ती आहे की नाही, हेही ठाऊक नाही, कारण त्या दिवशी छाप मोजले कुणी होते? मी म्हणायचो, पान सातातच फाटलं असेल. ते म्हणायचे, "फाटलं असंल तं बरंच हाये." पण कुठल्याही घरी पाणी प्यायला टेकले तरी त्यांची नजर फळीवरच्या पुस्तकांवरून फिरायची. कुणाच्या घरी बाळंतपण आहे असं कळलं की ते काही ना काही निमित्त काढून तिथे जायचे. मी बदली होऊन बुलढाण्याला आलो आणि माझं जाणं कमी झालं. दिवाळीत शेवटचं भेटलो. खोकल्यानं बोलवत नव्हतं, तरी वहिनी आत गेल्याबरोबर हळूच म्हणाले, "पाहून राह्यले ना गुरुजी?" मी हो म्हणालो. खोटं बोललो.

आता पाहतो आहे. म्हणून हे इथे, चार लोक वाचतात त्या पुरवणीत लिहितो आहे. धामणगावपासून जानेफळपर्यंत कुणाच्याही घरी, फळीवर, ट्रंकेत, रानातल्या औषधांचं हातानं शिवलेलं पुस्तक असेल, तर शतावरीचं पान काढा. शतावरी केसांसारखी बारीक असते. तुमच्या पुस्तकात त्या नावावर रुंद पान असेल आणि त्याचं टोक वेलीच्या ताण्यासारखं वळलेलं असेल, तर तो कागद फाडून चुलीत घाला. आणि घालताना दत्तूभाऊंना बोल लावू नका. ते पान मी मांडलं होतं.