हात पोचतो तिथवर

मी कामावर रुजू झालो त्या दिवशी शमीम आपांनी माझं नाव विचारायच्या आधी माझा हात मापला. खांद्याच्या हाडापासून आवळलेल्या मुठीपर्यंत. गळ्यात शिंप्याचा टेप, कानावर पेन्सिल आणि टेबलावर संगणक. मला वाटलं, कंपनी गणवेश शिवून देते की काय! "मूठ घट्ट आवळ बे. ढिली काहून सोडून राहिला?" असं दटावत त्यांनी माप वहीत उतरवलं आणि मगच नाव विचारलं. गजानन म्हटल्यावर त्यांनी लगेच गजू करून टाकलं.

कंपनी कसली, अमरावतीत एका औषधांच्या दुकानावरचा मजला आणि आठ माणसं. मोबाइलवर खेळायचा मारामारीचा खेळ आम्ही बनवत होतो. ठोसे, लाथा, कुस्तीचे डाव, सगळं चालेल असा. खेळात बारा लढवय्ये होते आणि कोणाचा हात किती लांब पोचावा, कोणाचं पाऊल किती पडावं, हे ठरवणं आपांचं काम. अकोल्याला त्यांच्या अब्बांचं शिवणकामाचं दुकान होतं. लहानपणापासून तिथं बसून त्यांनी माणसं मापली होती आणि पस्तिशी उलटल्यावर संगणक शिकल्या होत्या. इंजिनियर पोरं पाठीमागे त्यांना 'टेलर मास्टर' म्हणायची. त्यातला एकही त्यांच्यासारखं अंतर ओळखू शकत नव्हता, पण हसायला अक्कल लागत नाही.

खेळातल्या सगळ्यात उंच लढवय्याला आम्ही ताड्या म्हणायचो आणि सगळ्यात बुटक्याला गिड्डा. ताड्याचा ठोसा लांबून लागायचा, त्यामुळे सुरुवातीला गिड्डा प्रत्येक लढतीत मार खायचा. मी सुचवलं, गिड्ड्याचा हात थोडा वाढवून टाकू. आपा अशा भडकल्या की बस्स.

"मंग त्याले गिड्डा कायले केला? गिड्ड्याले हात नाई, गल्ली पायजे. आत शिरायची गल्ली! अन् ताड्याचा हात लांब हाये ना, मंग त्याले वापस यायलेही लांबच रस्ता पडन."

मला काही कळलं नाही, हे त्यांनी ओळखलं. मला आणि उंच वैभवला उठवून बाहेरच्या बोळात नेलं आणि फरशीवर खडूनं रेघा मारल्या. वैभव लांबून हात चालवत होता, मी मागे मागे सरकत होतो. आपा ओरडल्या, "दुरून हवा काय खाऊन राहिला? त्याचा हात वापस चालला की घूस!" मी घुसलो. वैभवच्या छातीशी पोचलो, तर त्याच्या त्या लांबलचक हातांना करायला कामच उरलं नाही. शोभेचे हात! त्या संध्याकाळी आम्ही ताड्याचा हात मागे यायला वेळ लावला आणि गिड्ड्याचं पाऊल जलद केलं. लढती बरोबरीच्या व्हायला लागल्या.

आपांचे दोनच कायदे होते. "हरनारा सोताच्या चुकीनं हारला पायजे. आपल्या चुकीनं नाई." आणि दुसरा, "दिसते तेवढंच लागलं पायजे." पडद्यावर मूठ टेकलेली दिसली नाही आणि तरी मार बसला, तर त्या ते तपासून तपासून आमचा जीव खायच्या. कारण यंत्राला मूठ दिसत नाही. मुठीभोवती आम्ही एक अदृश्य चौकट आखतो. ती चौकट दुसऱ्याला टेकली की यंत्र म्हणतं, लागलं. चौकट मुठीएवढी ठेवायची की मोठी, हे आम्हा लोकांच्या इमानावर असतं.

खेळ बाजारात यायच्या आधी तो तपासायला आपांनी कॉलेजची पोरंपोरी जमवली होती. त्यात दर्यापूरकडची प्रीती होती. खारपाणपट्ट्यातलं गाव, फुटक्या काचेचा मोबाइल आणि गिड्डा हाच तिचा लढवय्या. अंतराची अशी जाण मी दुसऱ्या कोणात पाहिली नाही. सरांनी, म्हणजे आमच्या मालकांनी, मोठी स्पर्धा जाहीर केली. जिंकेल त्याला आमच्याकडे नोकरी. प्रीतीनं आपांना सांगितलं होतं, की नोकरी लागली तर घरचे लग्नाचं पुढं ढकलतील, नाहीतर दिवाळीनंतर बार उडवणार आहेत. आपा म्हणाल्या, "खेळ तं सरळ हाये. बाकी तू पाय."

स्पर्धेच्या आठवडाभर आधी आपा अब्बांच्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी अकोल्याला गेल्या आणि सरांना हुरूप आला. ज्या बड्या कंपनीसाठी आम्ही खेळ बनवत होतो, तिला खेळणाऱ्यांना ताड्या विकत द्यायचा होता. गिड्डा फुकट, ताड्या पैसे भरून. मग विकतचा हरून कसं चालेल? आपांनी सरांना आधीच तोंडावर सांगितलं होतं, "हात वाढवायचा तं चित्रातही वाढवा. दिसू द्या लोकाईले." पण तसं केलं तर ताड्या माकडासारखा दिसला असता. म्हणून सर माझ्या खुर्चीशी आले.

"थोडंसं वाढव ना. नुसती चौकट. कोणाला दिसणार आहे?"

या 'थोडंसं' शब्दाची मला तेव्हापासून चीड आहे. जगातली सगळी हरामखोरी 'थोडंसं' म्हणूनच सुरू होते. पण त्या दिवशी मी मान डोलावली. ते बोंडअळीचं वर्ष होतं. घरची कपाशी गेली होती, बाबा दर फोनवर "नोकरी धरून राह्य" म्हणत होते. हे सगळं खरं आहे. पण बोंडअळीनं माझा हात धरून आकडा बदलला नाही. मी बदलला, आणि नोंदीत लिहिलं, 'किरकोळ दुरुस्ती'.

आपा अकोल्याहून थेट स्पर्धेच्या सभागृहात आल्या, तेव्हा शेवटची लढत चालू होती. प्रीतीचा गिड्डा, समोर बडनेऱ्याच्या एका मुलाचा ताड्या. प्रीतीनं ठोसा बरोबर ओळखला, वेळेत मागे सरली, आणि तरी गिड्ड्याचं थोबाड फिरलं. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा गिड्डा आडवा झाला. शेवटचा ठोसा मोठ्या पडद्यावर सावकाश दाखवत होते.

"थांबवा ते!" आपा मागून ओरडल्या आणि सरळ मंचावर चढल्या. टेप काढून पडद्याला लावला. "मूठ इथं हाये. थोबाड इथं. मधात एवढी हवा हाये. इले काय हवेनं मारलं? खेळ खोटा हाये हा! पोट्टी हारली नाई."

सभागृहात कोणीतरी खिदळलं. सरांनी हसतहसत माइक माझ्यासमोर धरला. "हा प्रोग्राम यांनी लिहिलाय. सांगा गजानन, काही बदललंय का?"

प्रीती माझ्याकडे बघत होती. आपाही.

मी म्हणालो, "नाही सर. पाऊल पडायला क्षणभर उशीर झाला की असं दिसतं."

प्रीतीनं मान खाली घातली. मग आपांपाशी जाऊन म्हणाली, "जाऊ द्या आपा. माह्यं पाऊलच चुकलं असन." आपल्या खोटेपणाचं खापर कोणी इतक्या मुकाट्यानं डोक्यावर घेतलं, की मग स्वतःवरचा राग आयुष्यभर उतरत नाही.

आपांना त्याच दिवशी काढलं. जिन्यात त्या माझ्यापाशी थांबल्या. मला वाटलं, थोबाडीत बसेल. बसली असती तर बरं झालं असतं. "सरावर मी नाई चिडली," त्या म्हणाल्या. "त्याले खेळ समजतच नाई. तुले समजत होता." आणि खाली उतरून गेल्या.

वर्षभरानं मीही नोकरी सोडली आणि अकोल्याला गेलो. आपा दुकानात अब्बांच्या जागी बसल्या होत्या. मी उभ्याउभ्या सगळं कबूल केलं, रडलोही. त्यांनी मशीन थांबवलं नाही. शिवण संपल्यावर दातानं दोरा तोडला आणि विचारलं, "त्या पोट्टीले सांगितलं?"

"नाही."

"मंग माह्याकडे कायले आला? मले तं मालूमच होतं." आणि दारात आलेल्या गिऱ्हाइकाला त्यांनी आत बोलावलं.

मी परतीला दर्यापूरची एसटी धरली. प्रीतीचं लग्न तिथंच झालं होतं. पत्ता विचारत गेलो. ती ओट्यावर तूर पाखडत बसली होती. मी चौकट, आकडा, सगळं सांगितलं. तिनं सूप खाली ठेवलं.

"म्हंजे माह्यं पाऊल बरोबर होतं?"

"हो. आपांनी तेव्हाच सांगितलं होतं, सगळ्यांसमोर."

"हो," ती म्हणाली. "अन् तुमी नाई म्हटलं होतं."