बारावा गंज

मी सरकारी लेखापरीक्षक आहे. गावोगावच्या ग्रामपंचायतींची दप्तरं तपासायची आणि चूक सापडली की लिहायची, हे माझं काम. चूक लिहायला मला आवडतं, हे आधीच कबूल करून टाकतो. घरी भाजीत मीठ कमी असलं तरी माझ्या तोंडून "मीठ कमी असल्याचे आढळून आले" असंच निघतं. त्यावर बायको मिठाची बरणी माझ्यापुढं आदळते आणि आक्षेप निकाली काढते.

दोन वर्षांपूर्वी कुंभार पिंपळगावच्या अलीकडच्या एका गावाचं ऑडिट माझ्याकडं आलं. ते माझ्या सासुरवाडीचं गाव. नातं असलं तर साहेबांना आधी सांगायचं असतं. मी सांगितलं नाही. पंचायतीचा चहासुद्धा मी पीत नाही, मग नात्यानं मला काय फरक पडणार, असा माझा रुबाब. दुपारचं जेवण मात्र सासूबाईंकडं ठरलेलं होतं. ते मी नियमात धरलं नव्हतं.

त्या पंचायतीकडं लग्नाकार्याला भाड्यानं द्यायची भांडी आहेत. त्यात पितळेचे बारा गंज, म्हणजे वीस-पंचवीस माणसांची भाजी शिजेल अशी मोठी खोल पातेली. जडवस्तूंच्या नोंदवहीत बारा होते. मी खोलीत जाऊन मोजले तर अकरा भरले. झाकणं मात्र बारा.

ग्रामसेविका नवी होती. कंत्राटी सेवेची तिची तीन वर्षं संपत आली होती आणि कायम करण्याची फाईल पंचायत समितीत फिरत होती. तिला विचारलं, चार्ज घेताना मोजले नव्हते का. ती म्हणाली, "मोजले की सर. गंज एकात एक बसवलेले होते, ते काढायला कोणी हात लावंना. मंग मी झाकणं मोजली अन् सही केली."

अशा वेळी दया दाखवायची सोय कायद्यानं आम्हाला ठेवलेली नाही. राज्याचे नियम सांगतात, तपासणीत अपहार दिसला तर लेखापरीक्षकानं तो वेगळ्या अहवालानं वर कळवायचा, तिथून चौकशी आणि वेळ आली तर गुन्हा. दिसूनही गप्प बसला तर तो स्वतः जबाबदार. मी अर्धसमास काढला. म्हणजे कागदाच्या अर्ध्या भागात आमचा आक्षेप, उरलेल्या अर्ध्यात त्यांचा खुलासा. 'सकृद्दर्शनी अपहार' हे शब्द मी जरा ठळक अक्षरात लिहिले. तिनं कागद हातात घेतला, दोनदा वाचला आणि एवढंच विचारलं, "सर, यानं माझी फाईल थांबंल का?"

"थांबू शकते," मी म्हणालो. आपण किती निःपक्षपाती आहोत, असं वाटून मला तेव्हा बरंच वाटलं होतं.

संध्याकाळी जालन्याला घरी आलो. दिवसभर भांड्यांच्या खोलीत उभं राहून पाय दुखत होते. रोजच्यासारखं गरम पाण्यात मीठ टाकून पाय बुडवून बसलो आणि बायकोला सगळी हकीकत रंगवून सांगितली.

"केवढा होता गंज?" तिनं विचारलं.

"असा, एवढा." मी हातानं दाखवलं.

ती माझ्या हातांकडं बघत राहिली, मग माझ्या पायांकडं. "पाय बाहेर काढा," ती म्हणाली.

पाणी मोरीत ओतून तिनं भांडं उलटं केलं. बुडाला ठिपक्याठिपक्यांनी अक्षरं कोरलेली होती. गावाचं नाव, पुढं ग्रा.पं., आणि त्याखाली बारा. आमच्या धाकटीच्या बारशाला सासूबाईंनी यातून लाडू पाठवले होते, वर धोतराचं फडकं बांधून. लाडू संपले, गंज राहिला. सहा वर्षं मी त्यात पाय शेकत होतो.

"गावाला कायदा शिकवून आले," बायको म्हणाली, "अन् मुद्देमालात पाय घालून बसले."

मेहुण्याला फोन लावला. त्याला हे प्रकरण फारच सोपं वाटलं. "दाजी, कशाला टेन्शन घेऊन राह्यले? सकाळी पहिल्या गाडीनं गंज घेऊन या. मी खोली उघडायला लावतो. परत मोजा, बराबर बारा. विषय खतम."

खरं सांगतो, मी पिशवी शोधायला उठलो होतो. एवढा गंज मावेल अशी पिशवी घरात नव्हती, म्हणून जरा थांबलो आणि त्या थांबण्यात डोकं चाललं. बायकोनंही तेच बोलून दाखवलं. "कागद तिच्या हातात दिलाय तुम्ही. उद्या गंज आपोआप परत आला तर गाव काय म्हणंल? बाईनंच दडवला होता, ऑडिट आलं तसा आणून ठेवला. तिची फाईल मंग कोण हलवंल?"

दुसऱ्या दिवशी साहेबांपुढं लेखी कबुली ठेवली. गंज माझ्या घरी आहे, गाव सासुरवाडीचं आहे, हे आधी कळवलं नाही, ऑडिट दुसऱ्याकडं द्यावं. साहेबांनी चष्मा पुसला.

"म्हणजे वस्तू लेखापरीक्षकाच्या पायाखाली सापडली?"

"पाय आत होते, साहेब."

ते खिडकीकडं तोंड करून बराच वेळ हलत होते. वळले तेव्हा चेहरा सरळ होता. "हसण्यावारी नेता येणार नाही हे," ते म्हणाले, आणि नेलंही नाही. गंज पंचनामा करून जमा झाला, ऑडिट माझ्या सहकाऱ्याकडं गेलं.

सहकाऱ्यानं सासूबाईंचा जबाब घेतला. गंज नेताना वहीत नोंद का नाही, असं त्यानं विचारलं. सासूबाई म्हणाल्या, "मी तर म्हणलं होतं लिव्हा म्हणून. तव्हाचा ग्रामसेवक म्हणला, मावशी, तुमचे जावई ऑडिटवाले, तुमचं काय लिव्हायचं."

हे वाक्य जबाबात जसंच्या तसं उतरलं. सहकाऱ्यानं मला ते मोठ्यानं वाचून दाखवलं, दोनदा. मी पंचायतीचा चहा पीत नव्हतो आणि माझ्या नावावर पंचायतीचं भांडं बिनबोभाट घराबाहेर पडलं होतं.

अहवालात आलं ते असं: गंज सध्याच्या ग्रामसेविकेच्या आधी गेलेला, अपहाराचा आक्षेप तिच्यापुरता मागे, चार्ज घेताना प्रत्यक्ष मोजणी करावी अशी समज. त्या वेळच्या ग्रामसेवकाकडून खुलासा. सासूबाईंनी सहा वर्षांचं भाडं भरलं आणि पावती घेतल्याशिवाय त्या उठल्या नाहीत.

दोन महिन्यांनी त्यांचा फोन आला. "जावईबापू, ती पोरगी कायम झाली बरं का. आर्डर घेऊन घरी आल्ती दाखवायला. लई खुश होती."

"चांगलं झालं, मामी."

"अन् तुम्हाला काय मिळालं?"

"लेखी ताकीद. सेवापुस्तकात चिकटवलीय."

"असू द्या. तिची काही चुकी नव्हती, त्या बिचारीची."

माझीही तशी फारशी नव्हती, असं मी म्हणणार होतो. पण फोन स्पीकरवर होता आणि बायको समोर शेंगा सोलत बसली होती.